कपाटामागचं स्टिकर

भूकंपानंतरच्या वर्षी जपानमधल्या फुनाबोरीतल्या आम्ही मराठी मंडळींनी एक जुनं रशियन नाटक बसवायला घेतलं. जमीनदारीणबाईंची बाग लिलावात निघालीय आणि घरातलं कुणी ढिम्म हलत नाही, असं ते नाटक. मला त्या माणसांचा पहिल्या वाचनापासून राग. लिलावाचं नाव काढलं की बाई मेजवानीचं बोलणार, भाऊ चक्क जुन्या कपाटापुढे भाषण ठोकणार, आणि बाग घेणारा व्यापारी तर इतका गोड, की माझा त्याच्यावर कध्धी विश्वास बसला नाही. मला मिळाली घर सांभाळणारी, सगळ्यांवर नजर ठेवणारी मानलेली मुलगी. नवरा म्हणाला, यात तुला अभिनय कुठे करायचाय?

जमीनदारीण झाली होती माझी शेजारीण. मी लॅबमध्ये असताना पहिलीतली माझी लेक तिच्याकडे असायची. ती होती म्हणून माझी नोकरी होती. भूकंपानंतर कितीतरी कुटुंबं गाशा गुंडाळून भारतात गेली, त्यामुळे कुणी दिवाळीची खरेदी टाळली तरी माझ्या मनात पाल चुकचुकायची. हिला मी आडून आडून विचारायचे. ही ताकास तूर लागू द्यायची नाही, पोह्यांची बशी पुढे करायची.

नाटकासाठी तिने घरातलं कपाट दिलं. रिकामं करून दिलं, तेव्हाच मला संशय आला. रंगीत तालमीला ते सरकवताना मागे वॉर्डाचं स्टिकर दिसलं. इथे मोठं सामान टाकून द्यायचं तर आधी फोन करून दिवस ठरवायचा आणि असं स्टिकर लावून ते खाली ठेवायचं. हरवू नये म्हणून बाईसाहेबांनी आधीच चिकटवलं होतं.

मी तिला विंगेत गाठलं. कधी निघताय, एवढंच विचारलं. तिने मान खाली घातली. प्रयोगानंतर लगेच, म्हणाली.

"आणि माझ्या लेकीचं काय?"

"तिला महिन्यापूर्वीच सांगितलंय. तुला सांगायचा धीर होईना. एकटीने दार उघडते ती आता. जमीन हलली की टेबलाखाली बसते. रोज करून घेते मी."

मला तिचा संताप आला आणि त्याहून जास्त रडू आलं. इतके दिवस मी तिच्यावर पाळत ठेवून होते, आणि ती माझ्या लेकीला आम्हा दोघींशिवाय राहायला शिकवत होती.