उघड्या तोंडाची थैली

आसेगावहून निघताना शेजारच्या गोदाकाकूंनी मांजरीचं पिल्लू कापडी थैलीत टाकलं आणि थैलीचं तोंड सुतळीनं बांधलं. "रस्ता दिसू देऊ नको बाबू. वाट पाह्यली का मांजर वापस येते," त्या म्हणाल्या. आमच्याकडे मांजर असंच नेतात. पिल्लू आमच्याच गुरांच्या कोठ्यात जन्मलेलं. माझ्या मुलीला, रेवतीला ते हवं होतं. घराला कुलूप लावून किल्ली मी खिशात टाकली. मायनं माझ्या खिशाकडे पाहिलं, पण किल्ली मागितली नाही. थैली मांडीवर घेऊन ती मोटारसायकलवर मागे बसली.

गावातल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखे वाशीमला, नाशिकला, पुण्याला गेलेल्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, "माय रमली का?" मी "हो" म्हणतो. खरं काय ते आज लिहितो.

बाबा गेल्यावर माय आसेगावात एकटी होती. मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला वाशीमला आणलं. "चार रोज चाल," एवढंच म्हणालो. तिनं पिशवीत दोन लुगडी घेतली. ऑपरेशननंतर डोळ्यांत थेंब टाकायचे होते, मग तपासणी, मग चष्मा. कारण दरवेळी सापडत गेलं. माय आता इथंच राहणार, हे मी बायकोला सांगितलं, भावकीत सांगितलं, शेत ठोक्यानं दुसऱ्याला कसायला देताना सांगितलं. मायला तेवढं सांगितलं नाही. पिल्लू आणलं त्या दिवशी आम्ही गावचं घर नुसतं पाहून यायला गेलो होतो.

गावाबाहेर पडल्यावर पिल्लाचं ओरडणं एकदम मोठं झालं. मी आरशात पाहिलं. मायनं सुतळी सोडली होती आणि पिल्लू मुंडकं बाहेर काढून रस्ता पाहत होतं. मी गाडी थांबवली.

"माय, काहून सोडली? वापस जाईन ना ते!"

"जाईन तं जाईन. त्याले मालूम तं पडू दे, कुठून कुठं चाललं."

मी गाडी पुन्हा सुरू केली. मी नोकरीसाठी गाव सोडलं, तेव्हा ती स्टँडवर आली होती. हातानं शिवलेली वाकळ माझ्या काखेत देऊन म्हणाली होती, "रस्ता पाहत जाजो." गाडीघोड्याला जपून जा, असाच अर्थ मी इतकी वर्षं धरून होतो.

वाशीमच्या घरी पिल्लू आल्या आल्या फ्रिजमागे शिरलं. रेवतीनं त्याचं नाव बुंदी ठेवलं. मोबाइलवर वाचून तिनं खोका आणला, त्यात जुना टॉवेल घातला, वाटीत दूध ठेवलं. बुंदी दुधाला तोंड लावेना. बायको म्हणाली, "एवढुसं पिल्लू, मरून गिरून जाईल हो." दुसऱ्या दिवशी मायनं तिच्या पिशवीतून बारदानाचा एक मळका तुकडा काढला. कोठ्यात मांजर पिल्लांना घेऊन ज्याच्यावर झोपायची, तोच. तिनं तो आपल्या पलंगाखाली अंथरला.

"छी, आजी, किती वास येतो!" रेवती म्हणाली.

"तुले येते. तिले घर येते."

संध्याकाळपर्यंत बुंदी फ्रिजमागून निघाली, तुकडा हुंगला आणि त्याच्यावर पोटाशी पाय घेऊन झोपली. मी उभा राहून पाहत होतो. खाली ते बारदान, आणि वर मायचा पलंग. फोमची गादी, नवं ब्लँकेट, नवी उशी. सगळं मी हौसेनं आणलेलं. आसेगावची त्यात एक चिंधीसुद्धा नव्हती.

मी पलंगावर बसलो. "माय, चार रोज म्हनलं होतं ते खोटं होतं."

ती बुंदीकडेच पाहत होती. "डोये तूच तं चांगले करून आनले. मंग मले दिसत नाई का?"

"सांगायला पाहिजे होतं."

"बायकोले सांगतलं, भावकीले सांगतलं. मलेच तेवढी थैलीत बांधून आनली, लबाडा." तिनं हात पुढं केला. "किल्ली दे."

मी दिली. आता ती पिशवी भरणार, असं मला वाटलं. तिला थांबवायचा हक्क मला राहिला नव्हता. तिनं किल्ली बुंदीच्या थैलीत टाकली आणि थैली पलंगाजवळच्या खिळ्याला अडकवली. मग म्हणाली, "आइतवारी नेजो मले."

रविवारी आम्ही गेलो. तिनं कुलूप उघडलं, घर झाडलं, पेटीतल्या दोन वाकळा काढून उन्हात टाकल्या. गोदाकाकूंनी विचारलं, "आता कवा येशीन वो?" एरवी अशा वेळी माय माझ्या तोंडाकडे पाहायची. या वेळी ती म्हणाली, "पोळ्याले. अन् मनाले आलं तवा वापस जाईन." मग वाकळा माझ्या खांद्यावर टाकून, "चाल, बुंदी उपाशी असन," म्हणत तिनं स्वतः कुलूप लावलं.

बुंदी आता वाशीममध्ये दार उघडं असलं तरी जात नाही. कंपाउंडच्या भिंतीवर बसते, रस्ता पाहते, भूक लागली की आत येते. माय वाकळ पांघरून झोपते.

माय रमली का, हे मला विचारू नका. पोळ्याला गावच्या घरी या, तिलाच विचारा. किल्ली तिच्याजवळ आहे. आसेगावच्या घरी जायचं तर आता मलाही तिला विचारावं लागतं, आणि आपल्याला घर आहे, असं मला कितीतरी वर्षांनी वाटतं.