घरी फक्त इंग्रजी

भिकाजी परबांसारखा नियम पाळणारा माणूस मी मस्कतमध्ये दुसरा पाहिला नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो. त्यांचा नाही, माझाच.

परब वेंगुर्ल्याकडचे. रुसैलच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फोरमन होते. आमची ओळख झाली २०१३ साली, इथल्या एका इंडियन स्कूलमध्ये. मी तिथे विशेष मुलांची शिक्षिका, म्हणजे एक खोली, अकरा मुलं आणि ढीगभर कागद. परब आपल्या चार वर्षांच्या मुलीला, ज्ञानदाला, घेऊन आले होते. फॅमिली व्हिसा उशिरा झाला म्हणून ती आणि तिची आई यशश्री तोवर गावी आजीजवळच होत्या. मुलीला ऑटिझम आहे हे इथे आल्यावर कळलं होतं.

"बोलते का?" मी विचारलं.

"बोलता ना. पाणी मागता, आजीक हाक मारता." मग शाळेत आपण घरचं बोललो म्हणून ते वरमले. "म्हणजे दहा-बारा शब्द येतात तिला, मॅडम."

तपासणी करणाऱ्या बाईंना मराठी येत नव्हतं. सगळ्या सूचना इंग्रजीत. ज्ञानदा खिडकीकडे बघत बसली. अहवालात आलं, 'भाषा नाही'. मी त्याच खोलीत होते. सदाशिव पेठेत जन्मलेली बाई मी, मला एकदा तरी "पाणी हवं का गं?" असं विचारता आलं असतं. मध्ये बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून मी गप्प राहिले.

मग मी तिचा वैयक्तिक शिक्षण आराखडा लिहिला. अशा प्रत्येक मुलाचा तो असावा लागतो आणि पानापानावर माझी आणि संमती म्हणून पालकांची सही लागते. तिसऱ्या पानावर मी लिहिलं, 'घरी फक्त इंग्रजी.' दोन भाषांनी असं मूल गोंधळतं, हे मी कोर्समध्ये शिकले होते आणि सगळ्यांनाच सांगत होते. मुंबई-पुण्याचे पालक मान डोलवायचे आणि घरी जाऊन खुशाल मराठीत ओरडायचे. परबांनी मात्र सहीआधी विचारलं, "हे कायद्यात आहे?"

बाहेर तीन पालक ताटकळत होते. "तसंच समजा," मी म्हटलं.

झालं. परबांनी ते तसंच समजलं.

यशश्री बारावी झालेली, तिने यूट्यूबवरून कसंबसं जमवलं. परबांचं इंग्रजी कारखान्यातलं. स्टार्ट, स्टॉप, स्लो, चेक, ओके, फिनिश. तेवढ्याच शब्दांत ते लेकीशी बोलायचे. जेवण झालं की "फिनिश?", रस्ता ओलांडताना "स्टॉप, स्टॉप, ओके". गावी आईला फोन करायचा तर खाली पार्किंगमध्ये उतरायचे, मुलीच्या कानावर मराठी पडू नये म्हणून. जूनमधल्या त्या भट्टीतसुद्धा. यशश्रीने मला एकदा सांगितलं, "मॅडम, ती झोपली ना, की हे तिच्या पायांशी बसतात. नुसते बघत. आधी मांडीवर घेऊन किती गप्पा मारायचे तिच्याशी." मी तिला काय म्हटलं असेल? सातत्य फार महत्त्वाचं असतं, असलं काहीतरी.

दरवर्षी आराखड्याचं नूतनीकरण व्हायचं. दरवर्षी परब तिसरं पान उघडून विचारायचे, "हे आहे ना अजून?" मला वाटायचं, पान आहे का ते विचारताहेत. "आहे, आहे," मी म्हणायचे. ते सही करायचे.

२०१७ साली भारतात दिव्यांगांचा नवा कायदा लागू झाला. आमची शाळा भारतीय बोर्डाची, म्हणून आमच्या प्रिन्सिपॉल शहनाज मॅडमनी सगळ्या फायली तपासायला काढल्या. त्यांनी एक यादी केली होती. त्यातला चौथा प्रश्न होता, 'मूल्यमापन मुलाच्या घरच्या भाषेत झाले का?' ज्ञानदाच्या फाइलपाशी माझा हात थांबला. तोवर मीही नवीन वाचलं होतं. घरची भाषा तोडल्याने मूल सुधारत नाही, एकटं मात्र पडतं.

मी परबांना बोलावून खरं ते सांगितलं. ते चिडतील अशी माझी तयारी होती. त्यांनी चिडावं असं वाटतही होतं.

"पण तुम्ही दरवर्षी विचारत होतात," मी म्हणाले. "एकदा तरी सरळ म्हणायचं, मला मराठीत बोलायचंय म्हणून."

"मॅडम, आमच्याकडे दुरुस्तीसाठी बंद केलेल्या मशीनवर ज्याच्या सहीचा टॅग, त्यानेच तो काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही, कोणाचा तरी जीव जातो. सही तुमची होती. मी वाट बघत होतो."

मी उठले, आराखड्यातली ती ओळ त्यांच्यासमोर खोडली आणि बाजूला सही केली. मग ज्ञानदाला वर्गातून आणलं. आता ती आठ वर्षांची होती, उंच, आईसारख्या भुवयांची. ती ठोकळे रचत बसली.

"बोला," मी म्हटलं.

परब तिच्यासमोर जमिनीवर बसले. दोनदा तोंड उघडून मिटलं. चार वर्षं गिळलेलं एकदम वर कसं यावं? शेवटी हळूच म्हणाले, "बाय माझ्या, जेवलंस गो?"

ज्ञानदाने मान वर केली नाही. एक ठोकळा ठेवला, दुसरा ठेवला. मग अगदी स्पष्ट म्हणाली, "फिनिश. ओके."

ते आजीकडचे दहा-बारा शब्द गेले होते. मला रडू आलं, आणि पहिल्यांदाच मी ते लपवलं नाही. म्हटलं, "परब, वेळ लागेल. कदाचित आता येणारही नाही तिला. मी खोटं सांगणार नाही."

परबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. लेकीच्या केसांवरून हात फिरवत ते म्हणाले, "तिका समजला नाय तरी चलात, मॅडम. माका बोलूचा आसा."

आणि ते बोलू लागले. आजी, आंब्याचं झाड, विहीर, घरामागचा समुद्र. बाहेर पुढचे पालक दार ठोठावत होते. मी दाराला आतून कडी घातली.