‘कनाला’चा रकाना

वायरकाकांच्या कानामागे पेन्सिल असायची आणि खिशाला निळं पेन. ऑफिसच्या नेटवर्कमधला कुठलाही नंबर ते पेन्सिलीने लिहीत आणि त्यामागचं कारण पेनाने. "नंबर बदलतो, बाय. कारन बदलत नाय," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आमचं पनवेलचं ऑफिस बंदरातल्या मालाची कागदपत्रं करायचं. दोन मजल्यांवर बावीस कॉम्प्युटर होते. मी म्हसळ्याची, घरातली पहिली पदवीधर. नेटवर्क मला पुस्तकातून पाठ होतं, पण सगळ्या कॉम्प्युटरच्या तारांनी भरलेला स्विच पहिल्यांदा जवळून दाखवला तो काकांनी. मी बोट दाखवून म्हटलं, "हा चार नंबरचा पोर्ट ना?" काका हसले. "पोर्ट तिकडं न्हावा शेवाला. ह्ये भोक." मग प्रत्येक भोकातली तार कुठल्या टेबलापर्यंत जाते, ते त्यांनी जिने चढून-उतरून मला दाखवलं. त्या एका दुपारी मी जे शिकले, त्यावर माझी पहिली दोन वर्षं निघाली.

काका जासईचे, आठवी शिकलेले. आधी वायरमन होते, कॉम्प्युटर आले तसे त्यांच्या तारांकडे वळले. त्यांच्या लांबट वहीत चार रकाने होते : मशीन, नंबर, भोक आणि ‘कनाला’. कनाला म्हणजे कशाला. बदल करायचा तर आधी वही उघडायची. "आधी लिवू, मंग हालवू." एकदा नेट बंद पडलेलं असताना ऑफिसचे सर वैतागून म्हणाले, "काका, निबंध नंतर लिहा!" काकांनी मान वर केली नाही. "निबंद नाय, सायेब. उद्या मी नसलो तं तुमी कोनाला इचारनार?"

सरांनी हे बहुतेक फारच मनावर घेतलं. त्यांनी मला वही एक्सेलमध्ये उतरवायला सांगितली. काका आठवडाभर शेजारी बसून एकेक ओळ वाचून दाखवत होते. मी तीनच रकाने घेतले. चौथ्यात मला नुसत्या गोष्टी दिसत होत्या : कोणाच्या टेबलाखाली उंदीर आहे, कुठली तार खिडकीजवळून नेली तर पावसात भिजते. "बाय, कनाला राह्यला," काका म्हणाले. "त्याची गरज नाही, काका. नंबर पुरेसे आहेत." काका पुढची ओळ वाचू लागले.

शीट पूर्ण झाल्यावर सरांनी विचारलं, "आता काकांशिवाय चालेल ना?" मी "हो सर" म्हणाले. विचारण्यामागचा हेतू मला कळला नव्हता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. तो कळला होता. महिनाअखेरीस काकांचं काम थांबलं. जाताना ते वही काखेत घेऊन गेले. ती मागायची कोणाला गरज वाटली नाही.

दोन महिन्यांनी नवीन कॉम्प्युटर आला. शीटमध्ये चौथं भोक रिकामं होतं, मी तार तिथे लावली. दिवा लागला, काम सुरू झालं आणि दुपारी त्याचं कनेक्शन तुटलं. तीन दिवस मी तार बदलली, कार्ड बदललं, विंडोज नव्याने टाकलं. सर तासातासाला येऊन उभे राहायचे. शेवटी गच्चीवर जाऊन काकांना फोन केला.

"चौथ्या भोकात लावलंस काय, बाय?" मी पुरतं सांगायच्या आतच ते म्हणाले. "वीज पडली तवा जललंय त्ये. दिवा लागतो, पन गरम झालं का कनेक्शन सोरतं. सातव्यात लाव."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, "सायेब इचारतात काय मना?"

"विचारतात ना, काका. तुमची आठवण काढतात," मी म्हणाले. दोन महिन्यांत सरांनी त्यांचं नाव एकदाही काढलं नव्हतं.

"मंग बोलावतील."

सातव्या भोकात तार लावल्यावर सगळं सुरळीत झालं. सरांनी कसं जमलं विचारलं, तेव्हा "केबल खराब होती" असं मी सांगितलं. काकांचं नाव घेतलं नाही. त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

तीन वर्षांनी पनवेलच्या बाजारात काकी भेटल्या, भाजी विकत बसलेल्या; कधीतरी काकांचा डबा घेऊन ऑफिसात यायच्या, म्हणून मी ओळखलं. काका वर्षापूर्वीच गेल्याचं त्यांच्याकडूनच कळलं. माझं नाव कळताच त्यांनी मला शेजारी बसवलं. "तुजा फोन आला व्हता ना, बाय, तवापासून हुशारीत व्हते. कंटेनरच्या यार्डात गेटावरचं काम चालून आलं व्हतं, तं नको बोलले. हापिसातून बोलावनं येनार हाय म्हनून."

मी समोरच्या जुड्या उगाच नीट लावू लागले. काकींनीच विचारलं, "बोलावनार व्हते ना गो?"

"हो काकी," मी म्हणाले. "बोलावणारच होते."

"मना ठाव व्हतं," काकी म्हणाल्या आणि मेथीच्या जुडीची माती झटकून ती माझ्या पिशवीत घालू लागल्या.