मामांच्या पेशी

तेलगावच्या फाट्यावर माझ्या मामांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. एका हिवाळ्यात त्यांच्या बोटांतून तांब्याची तार निसटायला लागली. मग दंडाचं मांस आपोआप उडू लागलं, कातडीखाली काहीतरी सरपटत असल्यासारखं. पुढं हातांतली ताकद गेली, शेवटी वाचा.

योगायोग असा, की मी पुण्यात एका प्रयोगशाळेत याच आजारावर काम करत होते. पेशीत आरएनएला धरून राहणारी प्रथिनं असतात. या आजारात त्यातलं एखादं आपली जागा सोडतं, त्याच्या गुठळ्या होतात आणि स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. गुठळ्या कमी व्हाव्यात म्हणून त्या प्रथिनाची आरएनएवरची पकड सैल करणारा छोटासा रेणू आम्ही शोधत होतो. मामांनी त्यासाठी स्वतःच्या त्वचेचा कण दिला. विचारल्यावर त्यांनी डोळे मिटून होकार दिला होता.

मामा गेले. त्यानंतर कित्येक महिन्यांनी त्या त्वचेपासून आम्ही चेतापेशी तयार केल्या, त्याच छोट्या बश्यांत शेजारी स्नायूच्या पेशी वाढवल्या. औषध न दिलेल्या बश्यांमध्ये सगळं निपचित पडलं. आमचा रेणू घातलेल्या बशीत मात्र स्नायूची एक पट्टी उडत होती. थोडं थांबायची, मग लागोपाठ उडायची. अशा पेशी उडतातच, हे मला ठाऊक होतं. तरी मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. ती लय मी मामांच्या दंडावर पाहिली होती.

दिवाळीत तेलगावला गेले तेव्हा मामीला मोबाइलवर चित्रफीत दाखवली. तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तिनं ती पुन्हा पुन्हा लावायला सांगितली.

"ह्याला आवाज न्हाई का?" तिनं विचारलं.

नाही म्हटलं.

"ह्यांना कळत असंल का?"

मी समजावलं, की या थोड्याशा पेशी आहेत, त्यांना मेंदू नाही, दुखणं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. त्यांना खायला कोण घालतं, तेही विचारलं. मग म्हणाली, "अंगात आसताना तेवढं उडणंच थांबत नव्हतं. आता बंद कर, पोरी."

मी परत आल्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना मामीचं म्हणणं सांगितलं. घरच्यांचा शब्द त्यांनी लगेच मानला. इतर रुग्णांच्या पेशींवर काम चालू राहणार होतं. मामांच्या पेशींच्या गोठवून ठेवलेल्या कुप्या आधी नष्ट केल्या. ती बशी मी स्वतः मागून घेतली, ब्लीच ओतलं आणि बघत उभी राहिले. पट्टी उडतच राहिली. द्रावणाच्या हलण्यानं तसं दिसत असेल म्हणून मी बशी स्थिर धरून ठेवली. मग ती थांबली.

दुपारी मामीला फोन केला. 'झालं,' एवढंच मी म्हणाले.

"लगीच थांबलं का?"

"लगेच नाही, मामी."