आई कंपनीत असते

मी इंग्लंडला निघाले तो दिवस कामाचा होता. आई हाटकेशच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका गाळ्यात स्टीलचे डबे तपासते, आणि तिला हाफ डे मिळाला नाही. सकाळी शेअर रिक्षात चढता चढता तिने माझ्या हातात चिवड्याची पिशवी कोंबली. म्हणाली, "कोणी विचारलंच तर सांग, आई कंपनीत असते. डबे-बिबे सांगत बसू नको." रिक्षा भरली आणि ती गेली. निरोप एवढाच.

मी पडले आज्ञाधारक लेक! इंग्लंडात सहा वर्षं सांगत राहिले, आई क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

इथल्या विद्यापीठात मला एक गट उभा करायचा होता. विज्ञान कसं घडतं, कोणाच्या हातांनी घडतं, यावर भौतिकशास्त्रवाल्यांनी, इतिहासवाल्यांनी एकत्र बसून बोलावं, एवढीच हौस. पण मी शहाणीने दर बुधवारी एकेकाला भाषण द्यायला लावलं. अगदी आपल्या सोसायटीतल्या सत्कारासारखं: भाषण, टाळ्या, चहा, की चालले घरी. महिन्याभरात आम्ही चौघंच उरलो. विभागप्रमुख गोड शब्दांत म्हणाले, असंच चाललं तर उन्हाळ्यानंतर गट बंद. माझी नोकरी त्या गटावरच होती. घरी येऊन रडले.

उरलेल्यांत भौतिकशास्त्राचा मार्टिन होता. पुढच्या बुधवारी तो सहज बोलून गेला, जे मोजता येत नाही तो नुसता अंदाज. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माझी आई डबे तपासते, कारखान्यात, हाताने. तिचा अंदाज चुकत नाही!" तोंडातून गेलं ते गेलं. पण गंमत म्हणजे इतिहासवाल्या रूथने लगेच विचारलं, तिला शिकवलं कोणी? मार्टिन म्हणाला, पण तिला कळतं कसं? मग दोघं आपापसातच वाद घालायला लागले. म्हटलं, थांबा, हे मलाही ठाऊक नाही, आईलाच विचारू.

आईला फोन केला तर आधी बोलणी खाल्ली. "सांगून मोकळी झालीस सगळ्यांना?" तरी रविवारी, सुट्टीच्या दिवशी, ती व्हिडिओवर आली. इस्त्रीची साडी, पुढ्यात दोन डबे. चौघं माझ्या घरी जमलो होतो आणि मी भाषांतर करत होते. मार्टिनने विचारलं, झाकणावर जोर किती लावता?

"जोर कशाला हो?" आई म्हणाली. "नुसतं ठेवायचं नि सोडायचं. धपकन बसलं तर सैल. आतली हवा सोडत आपणहून उतरलं की माल पास. पहिल्या वर्षी मी दाबत बसायची, मनगट सुजलं. मग आमच्या गाळ्यातल्या जुन्या शांताबाई बोलल्या, दाबू नको गं, बघत राहा."

ते सुजलेलं मनगट मला आठवत होतं. तेव्हा तिने सांगितलं होतं, बादली उचलताना लचकलं.

गट टिकला. आता बुधवारी भाषणं नसतात, प्रश्न असतात, आणि खुर्च्या कमी पडतात. तुम्ही तिकडचे विचारता, घराची आठवण येते का? येते की. पण ज्या घरात वाढले तिथलं मी कधी काही विचारलंच नव्हतं, याची लाज जास्त वाटते. आता दर रविवारी आईला विचारते, या आठवड्यात काय काय केलंस? पहिल्या खेपेला ती म्हणाली, "काय करणार, डबे तपासले." आणि मग तासभर बोलत राहिली.