साहेबांसाठी भरलेला बेड

देवकाबाईंच्या घरी माणसांपेक्षा गांडुळांची बडदास्त जास्त, अशी तक्रार त्यांचे यजमान चंद्रभानभाऊ चारचौघांत करतात. तक्रार खरी आहे. गांडुळांना शेण पंधरा दिवस मुरवून, गार करून मिळतं. भाऊंना सकाळचंच वरण संध्याकाळी. पण गांडुळांनी आजवर मीठ कमी म्हणून ताट सरकवलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी बाईंनी वर्ध्याहून किलोभर गांडुळं एसटीने आणली, मांडीवर डबा धरून. डब्यात काय आहे, असं शेजारणीने विचारलं. बाईंनी खरं सांगितलं. पुढे सेलूपर्यंत अख्खी सीट त्यांना एकटीला मिळाली. आता गोठ्यामागच्या छपरीत गांडूळखताचे तीन बेड आहेत, आणि बोरगाव मेघेच्या नर्सरीवाल्या सरिताताई त्यांचं चहापत्तीसारखं खत हुंगून, खात्री करून घेतात.

एवढं झाल्यावर कृषी खात्याचे साहेब येणारच. चार वर्षं चालू असलेल्या कामाचं उद्घाटन ठरलं.

तयारी भाऊंनी अंगावर घेतली. आदल्या दिवशी बाई सरिताताईंकडे खत पोचवायला गेल्या आणि वर्ध्यात बहिणीकडे मुक्कामी राहिल्या. सकाळच्या पहिल्या गाडीने परतल्या, तर मोठा बेड काठोकाठ भरलेला. ताजं शेण, वरून हाताने सारवलेलं, मधोमध रांगोळी. आणि बेडच्या काठावर, पाय नसूनही घर सोडून निघालेली गांडुळं.

"हे काऊन टाकलं?" बाईंनी विचारलं.

"भरलेला दिसाले पायजे नं. साहेब काय अर्धा बेड पाह्यले येऊन राह्यले?"

"आत हात घालून पाहा."

भाऊंनी घातला, आणि लगेच बाहेर काढला. शेण चांगलंच तापलं होतं.

"आता राहू दे," ते हळूच म्हणाले. "घंटाभराचा तं प्रश्न आहे. साहेब गेले का काढजो."

"घंटाभरात हे शिजतीन. साहेब नाई शिजत."

फावड्याने गांडुळं कापली जातात, म्हणून बाई हातानेच शेण उपसू लागल्या. टाकायला जवळची जागा म्हणजे पाहुण्यांसाठी अंथरलेली सतरंजी. गांडुळं खालच्या जुन्या खतासकट कडुनिंबाच्या सावलीत, ओल्या पोत्याखाली गेली.

साहेब आले तेव्हा बेड रिकामा होता आणि बाईंचे हात कोपरापर्यंत भरलेले. काय झालं ते बाई सांगत होत्या. ऐकायला मात्र कुणाला सवड नव्हती. फोटोग्राफरला सतरंजीवरचा ढीग जास्त भरीव वाटला. फीत तिथेच बांधली गेली. साहेबांनी मूठभर ताजं शेण उचललं, हुंगलं, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सुपीक आहे." मग स्त्रीच्या चिकाटीवर भाषण झालं. उत्सवमूर्तीचे हात घाण असल्यामुळे शाल चंद्रभानभाऊंच्या खांद्यावर पडली. त्यांनी ती नम्रपणे स्वीकारली.

गाड्या गेल्यावर बाईंनी पोतं उचललं. वरची ओंजळभर गांडुळं मेली होती. खालची हलत होती. बाईंनी पोतं परत पांघरलं आणि वर पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. सरिताताईंचा फोन आला, जरा काळजीतला. साहेबांच्या हातातलं खत ओलं दिसतंय, पुढच्या वेळी तसंच मिळणार का?

"ते साहेबाचं हाय," बाई म्हणाल्या. "आपलं पोत्याखाली हाय."