जिजींची ताकद

जमिनीवर मांडी घालून बसलेल्या आमच्या जिजी हात न टेकता उठायच्या. एका हातात उष्टं ताट, दुसऱ्यात पाण्याचं भांडं, आणि चाललेलं बोलणं न तोडता सरळ उभ्या. तेव्हा त्यांना बासष्ट पूर्ण झाली होती. मी आठ वर्षांनी लहान, आणि मला उठायला पलंगाचा आधार, भिंत आणि 'अगं आई' एवढं सगळं लागायचं. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. माधव नगरच्या घरात आम्ही एकत्र राहायचो, त्यामुळे हे दृश्य मला दिवसातून दोनदा बघावं लागायचं. मला त्यांचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, पोटात दुखेल इतका.

जिजींनी कधी व्यायाम असा केला नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "कसरत वगैरे काही नाही बाई, बस, चलती रहती हूँ." सकाळी नदीवरच्या रामघाटापर्यंत पायी जाऊन यायच्या. भाजी आणायला फ्रीगंजच्या बाजारात जायच्या आणि दोन्ही पिशव्यांत सारखं वजन भरून परत चालत यायच्या. तिथल्याच एका बँकेत मी नोकरीला होते. सुटताना त्या रस्त्यात भेटल्या की मी स्कूटी थांबवायचे. "तू हो पुढे, मी येतेच," म्हणायच्या, आणि माझा चहा संपायच्या आत घरात हजर.

देवासला एका लग्नात नवऱ्या मुलीच्या मावशीनं मला विचारलं, "या तुमच्या धाकट्या जाऊबाई का?" जिजी हसून म्हणाल्या, "हो, हो, धाकटीच." सगळे हसले. मी चार दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. पाचव्या दिवशी जिममध्ये नाव घातलं, नवे बूट घेतले आणि मी अकरा दिवस गेले. बूट अजून नवेच आहेत.

मग सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्यांना उठवणं, बसवणं, बाथरूमला नेणं सुरू झालं. दादा, म्हणजे जिजींचे यजमान, आधीच गेले होते. माझे यजमान नोकरीनिमित्त रतलामला. जिजींनी नर्सकडून एकदा बघून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या सासूबाईंना काखेत हात घालून अलगद उभं करू लागल्या. इतकी वर्षं सासूबाईंची लाडकी मी होते. पेपर मी वाचून दाखवायचे, पेन्शनचे कागद मी बघायचे. आता त्या सारख्या म्हणायच्या, "कुसुमला बोलाव." कुसुम म्हणजे जिजी.

एका रविवारी जिजी बाजारात गेल्या असताना सासूबाईंना बाथरूमला जायचं होतं. "थांबू या का?" असं त्या म्हणत असतानाच मी त्यांना उचलायला गेले. दोन पावलांवर माझे गुडघे वाकले. कसंबसं त्यांना सावकाश खाली बसवलं, मीही बसले. मग दोघींनाही उठता येईना. मी पुन्हा हात पुढे केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू राहू दे, नीलू. कुसुम येऊ दे." आम्ही अर्धा तास तशाच फरशीवर बसलो. सासूबाईंचं लुगडं ओलं झालं. जिजी आल्या, आधी सासूबाईंना उठवलं, मग मला हात दिला. त्यांनी घरात कुणालाही हे सांगितलं नाही. मला त्याचाही राग आला.

दोन दिवसांनी स्वयंपाकघरात मी म्हणाले, "तुमचं बरंय, जिजी. देवानं शरीर चांगलं दिलं."

त्या कणीक तिंबत होत्या. "दिलं असेल. पण मी रोज वापरलं. तू तुझं कपाटात ठेवलंस." मग खुर्चीकडे मान वळवून म्हणाल्या, "रोज दहा वेळा उठ-बस कर, हात न लावता. घुटने दुखतात तर घुटने हलव ना."

"मी काही शाळेतली मुलगी नाही," असं म्हणून मी निघून आले. आणि खोलीचं दार लावून उठ-बस केली. पहिल्या दिवशी चार झाल्या. तब्येतीसाठी करत होते असं म्हणणं खोटं होईल. मला त्यांची जागा हवी होती. महिनाभरानं दाराबाहेरून जाता जाता जिजी म्हणाल्या, "दार उघडं ठेव, हवा येईल."

सासूबाई गेल्यानंतर जिजी भोपाळला मुलाकडे राहायला गेल्या. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चालतेस ना?" मी चालते. सगळं सांगते त्यांना, एक गोष्ट सोडून.

सासूबाई जायच्या महिनाभर आधी नातवाच्या मुंजीसाठी जिजी चार दिवस भोपाळला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सासूबाईंच्या काखेत हात घातले, गुडघे वाकवले आणि त्यांना उभं केलं. एकदाही डगमगले नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते. माझ्या खांद्यावर डोकं टेकून त्या म्हणाल्या, "कुसुम, कधी आलीस?"

मी म्हणाले, "आत्ताच, आई."